चार पिना

दुपारी जेवून जरा आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच तळपायांना गार फरशी लागते. म्हणजे मी कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे. आमच्या तंत्रनिकेतनात चपला बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देत नव्हते, आणि न देणारी मीच.

हेरंब खांबेटे कोपऱ्यातल्या मशीनवर बसलाय. गणित शिकवायचा. जाऊन एकवीस वर्षं झाली, पण शर्टाची कोपरं तशीच विरलेली.

"इंदुताई, माझा कागद बघितलात?"

बघितला म्हणजे काय, पाठ आहे मला. 'साध्या कीबोर्डवर मराठी टाइप करता येईल असं काहीतरी केलं आहे. फावल्या वेळातलं काम, फार अपेक्षा ठेवू नये. फुकट आहे. चुका सापडल्यास कृपया सांगाव्यात.' सोमवारी त्यानं तो नोटीसबोर्डावर लावला. मंगळवारी मला परीक्षेचं वेळापत्रक लावायचं होतं आणि ऑफिसातून पिना मिळालेल्या चारच. मी कागद काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

"एकही चूक कुणी सांगितली नाही," तो म्हणतो. "म्हणजे कुणी वापरलंच नसणार."

मशीनच्या जागी आता माझ्या स्वयंपाकघराचा ओटा आहे. तो ओट्याशी अनवाणी उभा.

"हेरंब, कागद मीच काढला रे. आधी सांगायचं राहिलं, मग लाज वाटायला लागली, आणि मग तू गेलास."

"पिना चारच होत्या ना," तो समजुतीनं म्हणतो.

"तुझ्या विद्यार्थ्यांनी नेलं ते पुढं. आता गावोगाव त्यावरच लिहितात. माझी भाजीवालीसुद्धा."

"असं होय?" तो ओशाळतो. "आणि चुका?"

"ढीगभर. लोक रोज कळवतात."

"कळवतात?" त्याचा चेहरा असा खुलतो की मला बघवत नाही. तो खिशातून घडी घातलेला कागद काढतो, एक पिन माझ्या हातावर ठेवतो. "मग लावा की परत."

ओट्यामागची भिंत नोटीसबोर्ड झालीय. पिन बोथट आहे. मी अंगठ्यानं सगळा जोर लावते.

जाग येते. ऊन पलंगावर आलंय. उजव्या अंगठ्यावर पिनेच्या डोक्याएवढा गोल खळगा आहे.

तो बुजायच्या आत मी फोन घेते आणि त्याच्याच कीबोर्डवर, पाठवायचं कुणाला ते न ठरवता, लिहिते: हेरंब, कागद वाचला. चांगलं झालंय.