टेबलावर आलं नाही तर

माझ्या छातीत धडधडायचं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबायचं. आजार म्हणाल तर एवढाच. पण एवढ्या भांडवलावर घरात मला कुणी आजारी मानायला तयार नव्हतं.

तशी मी धडधाकट. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, शनिवार पेठेतले तीन जिने पिशव्यांसकट चढणारी बाई. आणि मग एखाद्या दिवशी कणीक मळताना, नाहीतर पडलेला चमचा उचलायला वाकले की आत एकदम सुरू व्हायचं. हळूहळू वाढत नाही हं, एकदम. गळ्याशी ठोके उडताना आरशात दिसायचे, हातपाय गार पडायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाव तास, कधी अर्धा तास, आणि सुरू झालं तसंच खटकन बंद. त्यानंतर दोन-तीनदा बाथरूमकडे पळावं लागायचं. हे शेवटचं मी कुणाला सांगत नसे. आधीच्याच गोष्टीवर विश्वास नव्हता, त्यात ही भर कशाला घाला!

आमचे हे विमा कंपनीतून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांचे क्लेम तपासले आणि त्यातले जमतील तेवढे नाकारले. ज्याचा कागद नाही ते घडलंच नाही, हा त्यांचा धर्म. माझ्या धडधडीचा कागद कधी निघालाच नाही. मग काय, माझाही क्लेम नामंजूर.

डॉक्टर काही कमी केले नाहीत आम्ही. पहिल्यांनी गॅसेस सांगितले. दुसरे म्हणाले, वय झालं की बायकांना असं होतंच. तिसरे मोठे डॉक्टर, ज्यांच्या दाराबाहेर माणसं सकाळपासून डबा घेऊन बसतात. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता ई.सी.जी.कडे बघितलं आणि म्हणाले, "उत्तम आहे."

मी म्हटलं, "अहो डॉक्टर, पण आत्ता धडधडतच नाहीये."

"मग छानच की!" ते म्हणाले आणि घंटी वाजवली.

एकदा चोवीस तास कमरेला डबी आणि छातीला वायरी लावून फिरले. त्या दिवशी मुद्दाम वाकले, जिने चढले, दोन वेळा माळा आवरला. काही नाही. दुसऱ्या दिवशी डबी परत दिली आणि हॉस्पिटलच्या दारातच सुरू झालं. आत जाऊन सांगितलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मशीन तर आता जमा झालं." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटी एकांनी मन शांत ठेवायची गोळी दिली. ती मात्र आमच्या ह्यांनी लगेच मंजूर केली. रोज जेवणानंतर स्वतः हातावर ठेवायचे. "टेन्शन घेऊ नकोस," म्हणायचे. आणि क्षणभराने, "पण तुला टेन्शन आहे तरी कसलं?" ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. वारज्याहून मुलगा फोन करायचा, "आई, मी तुला मेडिटेशनचं ॲप टाकून दिलंय, ते ऐकतेस ना?" ऐकायचे. त्यातली बाई सांगायची, आपल्या हृदयाच्या संथ ठोक्यांकडे लक्ष द्या. गोळीने मला दिवसभर पेंग यायची, आणि पेंगता पेंगता धडधडायचं.

मग एक दिवस कसबा पेठेत पितळेची पातेली कल्हईला टाकायला गेले होते, आणि तिथे गल्लीतच खाली बसले. बसले म्हणजे पायच गेले. दुकानदाराने स्टूल दिलं, पाणी दिलं, समोरच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ई.सी.जी.ची पट्टी काढेपर्यंत अर्थातच सगळं उत्तम. हे रिक्षाने आले. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "पुन्हा?"

तो एक शब्द मला फार लागला. गल्लीत पडले त्याचं काही वाटलं नव्हतं. ह्याचं वाटलं, आणि अजून वाटतं.

त्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र सुचवलं, एकदा हृदयाच्या ठोक्यांच्या तज्ज्ञांना दाखवा. परतताना रिक्षात हे म्हणाले, "ठोक्यांचा वेगळा डॉक्टर! उद्या डाव्या नाकपुडीचा वेगळा निघेल." तरी नेलं. नाही नेलं तर मी एकटी जाणार हे त्यांना माहीत होतं.

त्या तज्ज्ञ म्हणजे चाळिशीच्या एक बाई निघाल्या. पण त्यांच्याआधी एका तरुण डॉक्टरने मला तपासलं. तरुण म्हणजे तिशी उलटलेला, कानांवरचे केस पांढरे व्हायला लागलेले. आधी डॉक्टर झाला, मग एम.डी., मग हृदयाचा, आणि आता हृदयाच्या ठोक्यांचा होत होता. म्हटलं, याचं शिक्षण संपेपर्यंत याच्यावरच उपचाराची वेळ यायची. बिचारा दमलेला दिसत होता. माझं बोलणं अर्ध्यावर तोडून त्याने फाइल उलगडली आणि मॅडम आल्यावर माझ्यासमोरच इंग्रजीत सुरू झाला. इतक्या वर्षांची महिला, ई.सी.जी. नॉर्मल, चोवीस तासांची तपासणी नॉर्मल, आणि शेवटी, "अँक्शस."

मॅडमनी विचारलं, "अँक्शस असं त्या म्हणाल्या, की तू ठरवलंस?"

मॅडमनी माझ्या ई.सी.जी.च्या पट्ट्या उचलल्या आणि टेबलावर पालथ्या टाकल्या. मग मला म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा आमचे सर असंच करायचे. आधी पेशंटचं सगळं ऐकायचं, मग कागदाला हात लावायचा. आम्हाला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "बोला काकू. एकदम सुरू होतं की हळूहळू?"

"एकदम."

"थांबतं कसं?"

"तसंच. एकदम."

"गळ्याशी उडल्यासारखं वाटतं? ब्लाउजचा गळा हलताना दिसतो?"

"हो."

"आणि थांबल्यावर लघवीला खूप होतं का?"

अगं बाई! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ही गोष्ट मी देवालासुद्धा सांगितली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, आणि शाळेत कुणापुढे न रडलेली बाई तिथे पदर शोधायला लागली, तर अंगात पंजाबी ड्रेस. हे पंख्याकडे बघत होते. चारचौघांत बायकोच्या लघवीचा विषय निघाला होता ना!

मॅडमनी सोप्या भाषेत सांगितलं. काही जणांच्या हृदयात विजेची एक जादा वाट असते. ठोका त्या वाटेने गोल गोल फिरायला लागला की धडधड सुरू. मांडीच्या शिरेतून तारा आत घालून ती धडधड मुद्दाम सुरू करून बघायची. झाली, तर ती वाट आतूनच जाळून टाकायची. मुख्य वाटेला धक्का लागायची थोडी भीती असते, तसं झालं तर पेसमेकर बसवावा लागतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

आमच्या ह्यांनी अचूक बोट ठेवलं. "आणि ऑपरेशनच्या टेबलावर आलंच नाही तर?"

"तर जाळता येणार नाही. तसंच घरी पाठवू."

"म्हणजे कागद काहीच नसताना तुम्ही हे करताय?"

"काकू सांगतायत ना," मॅडम म्हणाल्या.

रिक्षात ह्यांनी तडजोड मांडली. क्लेमवाले शेवटी तडजोडीवर येतात. म्हणाले, "ठीक आहे, करून टाकू. पण काही निघालं नाही, तर हा विषय आपल्या घरात कायमचा बंद. गोळी घ्यायची, आणि छातीचा छ काढायचा नाही. कबूल?" मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार! पण माझं हृदय मला ठाऊक होतं. डॉक्टर दिसला की मुकाट होणारं हृदय ते.

त्या खोलीत अशी थंडी की दात वाजावेत. शिशाचे जाड एप्रन घातलेली माणसं, छातीभर चिकटवलेल्या वायरी, कोपऱ्यात ठोके दाखवणारे पडदे, आणि मी टक्क जागी. मांडी बधिर केली, तारा आत गेल्या. मॅडम तरुण डॉक्टरला शिकवत होत्या, आता असे ठोके दे, आता तसे दे. तो बटणं दाबत होता आणि माझं हृदय त्याच्या तालावर गुमान चालत होतं. बटण थांबलं की हृदयही शांत. पुन्हा. पुन्हा शांत. तिसऱ्यांदा दोन ठोके जरा गडबडले, वाटलं आलं, आणि परत सगळं सुरळीत.

बायका देवाला आजार जाऊ दे म्हणून साकडं घालतात. मी तिथे पडल्या पडल्या म्हणत होते, येऊ दे रे, एकदाच येऊ दे, लोकांसमोर येऊ दे. बाहेर बाकावर हे बसलेत आणि आत काहीच होत नाहीये. आता जन्मभर गोळी, जन्मभर ते "पुन्हा?" भीती पेसमेकरची नव्हती, ती ही होती.

तरुण डॉक्टर हळूच म्हणाला, "मॅडम, काही इंड्यूस होत नाहीये. थांबायचं का?"

"त्यांना ऐकू येतं," मॅडम म्हणाल्या. "आणि इंग्रजीही येतं. औषध सुरू कर, मग परत बघू."

सलाइनमधून औषध सुरू झालं. जिने पळत चढल्यासारखं हृदय वाढायला लागलं. मी म्हटलं, हे ते नाही, हे साधं आहे. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हटलं. त्याने पुन्हा बटण दाबलं.

आणि खटकन ते आलं.

तरुण डॉक्टर पडद्याकडे वळला. मॅडम कडाडल्या, "तिकडे नाही! आधी त्यांना विचार."

तो माझ्यावर वाकला. बिचाऱ्याच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. "काकू, तुम्हाला होतं ते हेच का?"

"हेच!" मी ओरडले. "हेच ते मेलं! सोडू नका त्याला!"

खोलीतले सगळे हसले. मीही हसले, रडले, दोन्ही एकदमच झालं. मॅडमनी सांगितलं, नातेवाईकांना आत बोलवा. काचेपलीकडच्या खोलीत हे आले. डोक्याला निळी टोपी, पायांत निळ्या पिशव्या, चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, हे एरवीचे ठोके, हे आत्ताचे. ह्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं. मग माइकमधून त्यांचा आवाज आला.

"मशीन बरोबर आहे ना?"

"मशीन बरोबर आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "आता बाहेर बसा."

मग त्यांनी ती वाट जाळली. आत चटका बसल्यासारखं झालं, फार नाही. पुन्हा औषध, पुन्हा बटणं, किती तरी वेळ ते दोघं मला छळत राहिले. आलं नाही. मुख्य वाट शाबूत होती. मॅडमनी ग्लोव्हज काढले आणि तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "फाइलमधलं ते अँक्शस खोड."

संध्याकाळी वॉर्डात पाय सरळ ठेवून पडले होते. हे व्हरांड्यात फोनवर मुलाला सांगत होते, "मी म्हणतच होतो, काहीतरी आहे म्हणून." ऐकलं मी. बोलायची ताकद नव्हती, नाहीतर तिथेच विचारलं असतं, तुमचं मशीन बरोबर आहे ना?

फोन ठेवून आत आले. स्टुलावर बसले. माझ्या पांघरुणाची घडी उगाच सारखी केली. मग खाली बघतच म्हणाले, "नक्की काय व्हायचं गं तुला तेव्हा?"

इतकी वर्षं एका छताखाली राहून हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"आत्ता विचारताय?" मी म्हटलं. "आता गेलं ते."

"तरी सांग."

मग मी सांगायला लागले. अगदी पहिल्यापासून, एकेक वेळ, एकेक जागा, बाथरूमसकट. मध्ये एकदा त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"बसा," मी म्हटलं.

बसले.