कुणी नावं ठेवू नयेत अशी भाजी

लग्नाचं जेवण उरलं तर त्याचं काय करायचं ते आम्हाला ठाऊक आहे. डबे भरायचे, हॉलच्या वॉचमनपासून वाटायला सुरुवात करायची, घरी पोचेपर्यंत पातेली रिकामी. किस्से मात्र असे वाटेत कुणी घेत नाही. ते आपल्याबरोबर टेम्पोतून घरी येतात आणि साठत बसतात. आमच्याकडे आता इतके साठलेत की वाटल्याशिवाय जागा व्हायची नाही.

धंदा माझ्या धाकट्या दिराचा, विलासभावोजींचा. नवघरला त्यांचा गाळा आहे आणि तिथून भाईंदर-मीरा रोडच्या लग्नांना जेवण जातं. मी ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला माणसांना गप्प बसवायची सवय आहे. रविवारी मेन्यूच्या टेबलावर बसाल का?" बसले. तेव्हापासून रिसेप्शनला मुख्य भाजी कोणती ठेवायची, यावरून चांगली शिकलेली माणसं कशी भांडतात ते मी फुकटात बघते.

आणि यंदा गंमत अशी झाली, की गावाला भाजी ठरवून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलीच्या रिसेप्शनची भाजी ठरवताना घाम फुटला. तन्वी एकुलती एक. तिच्या लग्नात काही कमी राहायला नको, हा एकच ध्यास. पण ते नंतर. आधी टेस्टिंग.

०

टेस्टिंग म्हणजे लग्नघरच्या माणसांनी येऊन दोन-चार भाज्या चमचाभर चाखायच्या आणि एक पसंत करायची. चमचाभर हा आमचा समज.

मीरा रोडचं एक कुटुंब आलं ते दोन रिक्षा भरून. त्यातले मामा खुर्ची ओढून असे ऐसपैस बसले की त्यांनी न मागताच मी त्यांना पापड वाढला. पनीर झालं, कोफ्ता झाला, भरली वांगी झाली. प्रत्येक भाजीला मामा डोळे मिटून म्हणायचे, "चांगलीय. पण एकदा खाऊन कसं सांगणार?" की परत पनीरपासून सुरुवात. कोफ्त्यात काजू जास्त की कमी यावरून दोन काक्यांचं वाजलं. एकीने तर "माझ्या लग्नातसुद्धा तुम्ही असंच केलं होतंत" इथपर्यंत नेलं.

शेवटी मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "लग्न कधीचं धरायचं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मुलाच्या आईने हातातलं ताक संपवलं आणि म्हणाली, "तशी अजून मुलगी बघायचीय."

०

भावोजींचं स्वतःचं मत ठरलेलं. पनीर ठेवा.

"वहिनी, जेवण छान झालं हे सांगायला कुणी फोन करत नाही. नावं ठेवायला लोक चार दिवसांनीसुद्धा करतात. पनीरला कुणी नावं ठेवत नाही. कौतुक नाही करत, ते सोडा. पोरगं पास झाल्याशी कारण."

आमच्या धंद्यात एका वाक्याला सगळे टरकून असतात. "केटरर कोण आहे?" बुफेच्या रांगेतून हे ऐकू आलं की समजायचं, मीठ तरी चुकलंय नाहीतर केस तरी निघालाय. भावोजींचे कान या वाक्याला इतके तयार झालेत की डीजे चालू असला तरी त्यांना ते बरोबर ऐकू जातं.

काशीगावच्या बाजूला एका लॉनवर रिसेप्शन होतं. सफारी घातलेल्या एका दांडग्या गृहस्थांनी हातात ताट धरून मोठ्याने विचारलं, "केटरर कोण आहे?" भावोजी पार मागच्या चुलीपासून धावत आले. खांद्यावरच्या नॅपकिनला हात पुसले आणि जोडले.

"मी साहेब. काही चुकलं का?"

"नाही हो. हात कुठे धुवायचे?"

भावोजी त्यांना बेसिनपर्यंत सोडायला गेले, नळसुद्धा स्वतः उघडून दिला आणि परत येऊन धपकन खुर्चीत बसले. म्हणाले, "वहिनी, पाणी द्या. मला."

०

एकदा उत्तनजवळच्या चौक गावचं लग्न आलं. नवऱ्या मुलाचे वडील नाखवा, स्वतःची बोट. मासळी-मटणाचं सगळं गावच बघणार होतं. आम्हाला बोलावलं ते फक्त शाकाहारी भाजीपुरतं.

"पोराच्या हापिसातली मानसं येनार हायेत, ती मच्छी खात न्हाय," नाखवा म्हणाले.

"भाजी कोणती करू?"

"कंची पन कर. आमच्यातलं कोन तिला हात न्हाय लावनार."

भावोजींनी बेताचंच पातेलं भरून मटर पनीर नेलं. संध्याकाळी गावातल्या एका आजोबांनी जाता जाता झाकण उचललं, "हापिसातली लोकं काय खातात ते बघू तरी" म्हणून वाटीभर घेतलं. मग त्यांच्या भावाने. मग बायकांना कळलं, मग पोरांना. ऑफिसची मंडळी ट्रॅफिकमधून सुटून पोचली तेव्हा पातेल्यात डाव खडखडत होता. भावोजींच्या हाताखालचा आचारी बबन, त्याने उरलेल्या वाटाण्याची उसळ करून कशीबशी वेळ निभावली.

नाखवांनी त्या रिकाम्या पातेल्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, "भाजी येवढी खपती ह्ये म्हाईत असतं तर बोट कशाला घेतली असती?"

०

हल्लीची मुलं हुशार. एका नवऱ्या मुलाने ठरवलं, भांडण नकोच, सरळ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान घेऊ. पनीर, कोफ्ता की भरली वांगी? घर कट्टर शाकाहारी.

पण त्या मतदानात ज्याला हवा त्याने नवा पर्याय घालायची सोय उघडी राहिली. कुणा चुलतभावाने गंमत म्हणून "चिकन" घातलं. ते प्रचंड बहुमताने निवडून आलं. त्यात नाशिकच्या माळकरी काकांचं मत होतं. ते म्हणाले, चुकून बोट लागलं.

मुलाच्या आईने ग्रुप बंद केला आणि मला फोन केला. "ताई, पनीर लिहा. आमच्या घरात लोकशाही संपली."

०

आता बिरड्याचं सांगते, त्याशिवाय तन्वीचं कळायचं नाही.

आम्ही मूळचे रायगडचे. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलायचा, आणि नारळ-कोकम घालून त्याचं बिरडं करायचं. भावोजींच्या हातचं बिरडं जो खाईल तो पनीरचं नाव काढणार नाही. पण ते मोठ्या समारंभाला कधी ठेवत नाहीत, कारण बिरडं लाडावलेलं असतं. जरा आच जास्त झाली की पिठलं, डाव जोरात फिरला की दाणे मोडले. टोपाजवळून हलता येत नाही. आणि तो टोप ते बबनच्यासुद्धा ताब्यात देत नाहीत.

फक्त एकदा, नवघरच्याच एका जुन्या स्नेह्यांच्या आग्रहाखातर ठेवलं. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका माझ्या जावेच्या, म्हणजे तन्वीची आई सुलभा हिच्या घरी वाल सोलायला बसल्या. समारंभाच्याच संध्याकाळी तन्वीला कॉलेजात बक्षीस मिळणार होतं. "तू हो पुढे, मी आलोच," भावोजी म्हणाले.

बिरडं अप्रतिम झालं. लोकांनी बोटं चाटली. भावोजी कॉलेजात पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. भावोजी त्याला खुर्च्या उचलू लागले आणि घरी आले.

तन्वी लहानपणापासूनच तक्रार करत नसे. तिच्या प्रत्येक समारंभात बाबा कुठल्या तरी दुसऱ्याच्या समारंभात असायचे, आणि तिची फी त्यातूनच जायची, हे तिला कळत होतं.

०

तिचं लग्न ठरलं निमेशशी. मीरा रोडचा, तिच्याच ऑफिसातला, गुजराती. मुलगा गोड आहे. साखरपुड्याचं जेवण अर्थात भावोजींनीच केलं.

फोटो आले. सगळेजण घोळका करून बघत होतो. निमेशच्या आई, हंसाबेन, एकेक फोटो सरकवत होत्या. "ये आपके मामा, ये आपकी काकू... और पप्पा किधर हैं?"

शोधाशोध झाली. एका फोटोच्या कडेला एक हात सापडला. हातात झारा होता.

"ये रहे," तन्वी म्हणाली. सगळे हसले. ती जरा उशिराने हसली.

०

त्यानंतर रिसेप्शनच्या मेन्यूचा दिवस आला. भावोजींनी पहाटेपासून खपून बिरडं केलं, तन्वीसमोर वाटी ठेवली. आयुष्यभर लोकांना पनीर खपवलं, पण लेकीच्या लग्नात बिरडंच असणार, हे त्यांच्या मनात पक्कं. हंसाबेनसुद्धा म्हणाल्या होत्या की वाल आमच्याकडेही लग्नात लागतातच.

तन्वीने वाटी चाटूनपुसून संपवली. मग म्हणाली, "बाबा, रिसेप्शनला पनीर ठेवूया."

भावोजींचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाले आणि गाळ्यावर निघून गेले. पुढचे काही दिवस त्यांनी कुणाला पनीर ठेवा असंही सांगितलं नाही. सुलभा माझ्याकडे आली, "ताई, तुम्हीच विचारा त्या पोरीला. घरात बोलणं बंद झालंय."

मी तन्वीला गाठलं. चांगली झापायच्या तयारीनेच गेले होते.

"काकू," ती म्हणाली, "बिरडं ठेवलं तर बाबा टोपाजवळ उभे राहणार. पनीर कुणीही बघू शकतं. मला बाबा स्टेजवर हवेत. पूर्ण वेळ. भाजी कशी का होईना."

झापायचं राहूनच गेलं. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे तशीच उठून गाळ्यावर गेले आणि भावोजींना शब्दन् शब्द सांगितला.

ते कांदे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत म्हणतेय."

"बबनच्या हातून ग्रेव्ही कधीकधी फुटते."

"फुटू दे म्हणतेय."

हातातले कांदे निवडून संपवले त्यांनी. मग बबनला हाक मारली. "तन्वीच्या रिसेप्शनला पनीर. सगळं तू बघायचं. मी येणार नाही आतमध्ये."

बबन घाबरला. "शेठ, माझं काय चुकलं?"

०

बिरडं आम्ही हळदीला घरी केलं. रिसेप्शनला पनीर.

भावोजी नवा कोट घालून आले. खांद्यावर नॅपकिन तसाच होता, तो सुलभाने स्टेजच्या पायरीवर ओढून काढला. आहेराचं पाकीट घेऊन जो वर येईल त्याला भावोजी हात जोडून सांगत होते, "गरम आहे तोवर जेवून घ्या." बुफेकडून भांडं पडल्याचा आवाज आला की त्यांचा एक पाय आपोआप खाली उतरायचा. तन्वी फोटोग्राफरकडे बघून हसत असायची आणि तिचा हात मागून त्यांच्या कोटाची बाही धरून असायचा. पूर्ण वेळ तिने ती बाही सोडली नाही.

पाहुणे जेवून गेले, मग घरच्यांचं टेबल लागलं. सगळ्यांच्या मधोमध तन्वीने बाबांना बसवलं आणि स्वतः ताट वाढून आणलं. स्वतःच्याच केटरिंगच्या जेवणाला ते असे खुर्चीत बसलेले मी तरी पहिल्यांदा बघत होते. बबन दूर खांबाशी डाव हातात घेऊन उभा होता, निकाल लागायचा असल्यासारखा.

भावोजींनी रोटीचा तुकडा मोडला. पनीरला लावला. तोंडात घातला. सावकाश चावला. सगळं टेबल त्यांच्याकडे बघत होतं, हंसाबेनसुद्धा.

त्यांनी घास गिळला, खुर्चीत मागे रेलले, कोटाचं बटण सोडलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "केटरर कोण आहे?"