जपानवाले सर

इतिहास शिकवताना सर छापील मराठी बोलायचे. फक्त जपान आला की त्यांची वऱ्हाडी सुटायची. "शोगुननं, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्यानं, देशाची दारं काहून लावली? भ्याला म्हणून. पाद्री आले, लोकं नवा धर्म घेऊन राहिले. त्याले वाटलं, आपली माणसं आता आपली राहत नाहीत." अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे 'जपानवाले सर'च म्हणत.

नागासाकीजवळच्या चिमुकल्या बेटावर डच व्यापाऱ्यांना तेवढी मुभा होती, हे सांगताना सर खुलायचे. "पाहा, एवढा कडक कारभार, पण फट ठेवलीच!" मात्र वादळात परमुलखाला लागलेल्या जपानी कोळ्यांना घरी परतायचीही बंदी होती, इथे आले की त्यांचा आवाज उतरायचा. "हे मले पटत नाही. घरच्या माणसाले कोणी अडवते का?"

पुढे त्यांच्या मुलीने, मीराताईने, अकोल्यातल्या एका मुसलमान सहकाऱ्याशी लग्न केलं आणि सरांनी तिला घर बंद केलं. त्या वर्षापासून कोळ्यांचा भाग त्यांनी शिकवायचा सोडला.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, अकोल्याला जाऊन लेकीला भेटून येत. सर काही विचारत नसत. काकू स्वयंपाकघरातून मुद्दाम मोठ्याने तिकडचं सांगत आणि सर पेपर न उलटता ऐकत. काकू वारल्या, तेही थांबलं. सरांच्या राजापेठेतल्या घरात मग मीच, त्यांचा जुना विद्यार्थी, अधूनमधून डोकावायचो. एकदा धीर करून म्हणालो, "सर, मीराताईला फोन लावू?"

"चहा घे. निवून राहिला."

यंदा उन्हाळ्यात सर न्हाणीत पडले. दवाखान्यातून मी मीराताईला कळवलं. दुपारी ती डब्यात मऊ खिचडी घेऊन आली. सरांनी तिच्या हातून खाल्ली, पण बोलले माझ्याशी.

"तिले सांग, मीठ कमी हाय."

"त्याईले सांगा दादा, डॉक्टरनंच सांगितलं तसं." ती हसली आणि तोंड फिरवून तिने डोळे पुसले.

ती रोज अकोल्याहून येऊ लागली. बापलेकीचं बोलणं मात्र माझ्यामार्फतच. घरी सोडायची वेळ आली तशी ती म्हणाली, "त्याईले म्हणा, आता अकोल्यालेच चला." सरांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती यायच्या आधी, ते मला म्हणाले, "तिले सांग, येतो म्हणावं."

ती पोहोचायच्या आत सर वारले.

मी निरोप सांगितला. मीराताईने त्यांची चादर सारखी केली, उशीजवळचा चष्मा पुसून ठेवला.

"तुमाले म्हणाले," ती म्हणाली. "त्याईनं मले एकदा म्हणायचं होतं ना."