माळकऱ्याच्या घरची कोंबडी

वरवट बकालच्या उकंडरावाचं नाव मुद्दाम वाईट ठेवलेलं होतं. त्याच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मताच आई गोजरबाईनं त्याला उकिरड्यावर टेकवून उचललं आणि उकंडा म्हटलं. एवढ्या घाणेरड्या नावाच्या पोराला न्यायला यमालाही किळस यावी, हा हिशेब. तो बरीच वर्षं जमलाही. पुढे महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा यम खोकल्याच्या वाटेनं डोकावला. उकंडरावाला क्षय निघाला.

तोवर हा माणूस म्हणजे गावाची करमणूक होता. वांगी-मेथीचा मळा करायचा. मोट हाकताना बैलांना शिव्या द्यायच्या सोडून त्यांच्या सासुरवाडीची खुशाली विचारायचा. बाजारात गिऱ्हाइकाशी असा भांडायचा, की गिऱ्हाईक हसत घरी जायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा भांडायला यायचं.

सरकारी दवाखान्यातून सुया सुरू झाल्या. कंपाउंडर भगवंतराव सायकलवर येऊन टोचून जाई. ताप उतरला, खोकला निवळला; पण माणसं काही जवळ येईनात. जिवलग दोस्त पुंजाजी रस्त्याच्या पल्याड उभा राहून "बरं आहे ना बे?" असं ओरडे आणि वारा कुठून येतो ते बघून सटके. घरात उकंडरावाचं ताट वेगळं झालं. चुकून मिसळू नये म्हणून गोजरबाईनं बत्त्यानं ठोकून त्या ताटाला एक पोचा पाडला. उकंडराव जेवताना त्या पोच्याकडेच बघत बसे. हळूहळू त्याचं जेवण सुटलं, मग बोलणं सुटलं. सुई तेवढी मुकाट्यानं घेई आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडे.

डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, कोकिळेला सांगितलं, "औषध लागू पडलंय. पण याचं मन पार खचलंय. याला बोलतं करा. आणि रोज एक अंडं द्या."

बोलतं करणं एक वेळ जमलं असतं. अंडं कुठून आणणार? घर माळकऱ्याचं. चातुर्मासात गोजरबाई कांद्याला उंबरा ओलांडू देत नसे.

कोकिळा रोहिणखेडला माहेरी गेली आणि येताना टोपलीत एक तांबडी कोंबडी घेऊन आली. उकंडरावाची खोली मागं, गोठ्याला लागून. सासू तिकडे फिरकत नसे. कोंबडी तिथंच राहिली. पण अंडं दिल्यावर कोंबडी काही गप्प बसत नाही.

"काय व कोकिळे, हे काय कॉक कॉक होऊन राह्यलं?" गोजरबाईनं विचारलं.

"खोकला आहे त्याइचा, आत्याबाई."

"असा कसा खोकला?"

"नव्या सुईचा आहे."

गोजरबाईला काळजी वाटली. भगवंतराव आला तशी तिनं त्याची सायकल धरली. "भाऊ, माह्या पोराले कोन्या जनावराची सुई देऊन राह्यले तुमी?" भगवंतराव गोंधळला. सुई तीच आहे असं त्यानं तीनदा सांगितलं, आणि तीनदा सांगावं लागलं म्हणून त्याला स्वतःलाच शंका यायला लागली.

इकडे कोंबडी खाटेवर चढून थेट उकंडरावाच्या पोटावर बसायची. त्यानं ढकललं, ती परत आली. मग उतरून तिनं त्याच्या तांब्यात चोच बुडवली आणि मान वर करून पाणी प्याली. त्या तांब्याला तोंड लावणारा घरातला तो पहिलाच जीव. उकंडरावानं तांब्या बाजूला ओढला.

"मरशीन व," तो म्हणाला. कित्येक दिवसांतला त्याचा पहिला शब्द.

कोंबडीला फरक पडला नाही. मग तो तिच्याशी बोलायला लागला. "मले काहीच गोड लागत नाही. वांगंबी मातीवानी लागते. सकाळ झाली का वाटते, काऊन झाली? उठाव कायले, तेच समजत नाही." कोंबडी एका डोळ्यानं ऐकायची. दाराआड उभी असलेली कोकिळा पदर तोंडात कोंबून रडली आणि मग अंडं दुधात फेटायला गेली.

नांदुऱ्याच्या बाजाराचा दिवस आला. गोजरबाई रात्री भरून ठेवलेली वांग्यांची टोपली अंधारातच पोत्यानं झाकून यष्टीत जाऊन बसली. उकंडरावाच्या पोटावर त्या दिवशी कोणी नव्हतं. त्यानं खाटेखाली पाहिलं, गोठ्यात पाहिलं. इतक्यात समोरच्या थांब्यावरून, यष्टीच्या आतून, अंडं दिल्याची आरोळी आली.

उकंडराव गोधडीसकट धावला आणि यष्टीत चढला.

"माही कोंबडी," तो धापा टाकत म्हणाला.

कोणीतरी "क्षयवाला" म्हटलं आणि अख्खी यष्टी रिकामी झाली. दारात गर्दी झाली म्हणून कापसाचे दलाल गुलाबराव खिडकीतून निघायला गेले आणि मधोमध अडकले. बाहेरचे गुलाबराव मदतीला बोलावत होते, आतले गुलाबराव लाथा झाडत होते. गोजरबाई जागची हलली नाही, कारण मांडीवर टोपली होती आणि टोपलीतून एक तांबडी मान वर आली होती. कंडक्टर रामराव नाकाला रुमाल लावून उभा होता. गाडी सोडून पळायची त्याला परवानगी नव्हती.

"कोंबडीचं तिकीट पडीन," तो रुमालातून म्हणाला.

गोजरबाईनं लेकाकडे पाहिलं. "हे काय आहे रे उकंडा?"

"हा माहा खोकला आहे, माय," उकंडराव म्हणाला.

आणि त्याला हसू आलं. हसता हसता खरा खोकला आला, खोकल्याला कोंबडीनं उत्तर दिलं, तसा रामरावाच्या नाकावरचा रुमाल गळून पडला. गोजरबाई हसू दाबायला विठ्ठलाचं नाव घ्यायला गेली, तेही धड निघेना. मग उकंडराव सीटवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. गोजरबाई टोपली खाली ठेवून त्याच्या शेजारी सरकली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं त्याचा हात हातात घेतला.

"बोल्ला त खरा बाप्पा," ती म्हणाली.

नांदुऱ्याला जायचं राहिलं. घरी येऊन गोजरबाईनं निकाल दिला: अंडं खायचं, पण तिच्या ताटात नाही. "ते पोच्याचं ताट आहे ना, ते आता अंड्याचं. ताट अंड्यापायी वेगळं, तुह्यापायी नाही." एवढ्यानं काय बदललं म्हणावं तर काही नाही. पण उकंडरावाला त्या ताटात जेवण जायला लागलं.

पुंजाजीला यष्टीचा किस्सा ऐकायचा होता. रस्त्याच्या पल्याडून निम्मा ऐकू येईना, म्हणून तो ओट्यापर्यंत आला. गुलाबरावांच्या लाथांपाशी आल्यावर दारात आला. शेवट ऐकायला तो खाटेवर बसला होता.

सुया आणि गोळ्या पुढंही वर्षभर चालल्या. फोटोत छाती साफ निघाली. मन मात्र एकदम साफ झालं नाही. कुठल्याशा सकाळी उकंडराव पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडे. कोकिळा त्याला रागवत नसे. जवळ बसून मेथी निवडत राही.

पुढे रोहिणखेडला कोकिळेच्या भावाला, कडूबाला तोच रोग झाला. तोही जेवेना, बोलेना. उकंडराव कोकिळेला घेऊन तिकडे गेला, खाटेवर त्याच्या पायाशी बसला आणि रोहिणखेडची वांगी कशी निबर असतात ते सांगायला लागला. दोन दिवस तो तेच सांगत होता. तिसऱ्या दिवशी कडूबा कोपरावर उठला आणि त्यानं पाहुण्याला एक सणसणीत शिवी दिली.

उकंडरावानं समाधानानं टोपी झटकली. "घ्या," तो कोकिळेला म्हणाला, "तुमच्या भावाले वांग्याचा राग आला. आता भाकर वाढा त्याले."