मागं ऐकू येतंय का?

मुळे बाई वर्गात शिरल्या की आधी शेवटच्या बाकाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "मागं ऐकू येतंय का?" मागून "व्हय बाई" आल्याशिवाय खडूला हात लावायच्या नाहीत. पुढची हुशार पोरं माना डोलवायची, पण त्यांना त्या हिशेबातच धरत नसत. "तुमचं काय, मी नाय आले तरी तुम्हाला येतंय," म्हणायच्या.

बारावीला गणितात अडकून कारखान्यांत लागलेल्या मुलामुलींसाठी आमच्या कॉलेजात संध्याकाळचा वर्ग चालायचा. तो बाई घ्यायच्या. मी तिथंच फिजिक्स शिकवतो. कामाच्या पाळ्या बदलल्या, पोरं गळाली आणि संस्थेनं वर्ग बंद केला. बाईंना सगळ्यात जास्त घोर लागला तो सुनीताचा. दोनदा नापास झालेली, लग्न होऊन चितेगावला गेलेली, तिथंच एका कारखान्यात पॅकिंगला लागलेली. "बारावी निघाली तर नर्सिंगला जाईन म्हणती पोरगी. आता मी सोडलं तर तिला कोण धरणार?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या अभ्यासक्रमाचे व्हिडिओ करून पोरांच्या मोबाइलवर पाठवायचं ठरवून टाकलं.

यंत्र म्हटलं की मला चेव येतो. मी माझा मोठा कॅमेरा घेऊन गेलो आणि बाईंना फळ्यासमोर उभं केलं. चित्र इतकं झकास आलं की कॉलेजची फरशीसुद्धा चकाकत होती. बाईंनी ते स्वतःच्या मोबाइलवर लावलं. फळ्यावरची अक्षरं मुंगीएवढी, आणि निम्मा वेळ बाईंची पाठ.

"सर, तुमचा कॅमेरा लई गुणाचा आहे. लग्नाला न्या," त्या म्हणाल्या. "माझं तोंड बघून कुणाला गणित आलंय का? पोरांना हात दिसू द्या."

मग त्यांनी मोबाइल एका स्टँडला खाली तोंड करून लावला, खिडकीजवळ टेबल ओढलं आणि कोऱ्या कागदावर जाड पेनानं गणित सोडवलं. अक्षर न् अक्षर दिसलं. ऐकू मात्र गणितापेक्षा बांगड्याच जास्त आल्या. बाईंनी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, त्यांवर रबर चढवलं आणि माइक आणायला मला घेऊन पैठण गेटच्या बाजारात निघाल्या.

दुकानदारानं भारीतला माइक काढून दुकानातल्या स्पीकरवर ऐकवला. बाईंनी त्याच्याकडून त्याचा जुना मोबाइल मागून घेतला, त्यात एकेका माइकनं आवाज भरला आणि तो ऐकायला थेट रस्त्यावर, रिक्षांच्या गर्दीत जाऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, अंदर सुनो ना. बाहर क्या समझेगा?"

"भाऊ, माझी पोरं अशीच ऐकणार हायेत. जेवणाच्या सुट्टीत, बाजूला मशीन चालू असताना."

भारीतला माइक हॉर्नमध्ये बुडाला, त्याच्या खालचाही बुडाला. वायरचा एक साधा माइक तेवढा तरला. पदराच्या पिनेपाशी तो लावून बाईंनी पहिला धडा केला. सुरुवातीला नेहमीचा प्रश्न विचारला आणि नुसत्याच थांबल्या. ती रिकामी जागा कापून टाकू का, असं मी विचारलं.

"कापायची नाय. पोरांना व्हय म्हणायला जागा नको का?"

सगळे धडे त्यांनी तसेच केले. कॉलेजात काही जण हसले. बाईंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि सवयीनं बोलून गेल्या, "मागं ऐकू येतंय का?"

पार मागून, दारातून आवाज आला, "व्हय बाई!" सुनीता होती, नर्सिंगच्या गणवेशात, तशीच धावत आलेली. ती तिथूनच म्हणाली, "चितेगावलाबी रोज म्हणायचे मी. डबा खाताना. आधी शेजारच्या बाया हसायच्या. मग त्याबी म्हणायला लागल्या."

अशा बाईंशेजारच्या खोलीत मी इतकी वर्षं शिकवलं, याचा मला फार अभिमान वाटतो. त्या दिवशी बाईंना पुढचं भाषण काही जमलं नाही. मला वाटतं, त्यांचं बोलून झालं होतं.