बाळूशेठच्या माळ्यावरचं ध्यान

कारकुनी संपली तेव्हा वाटलं होतं, आता किस्सेही संपले. कचेरीत माणसं थापा मारायला येत, त्यामुळे रोज एखादा पदरात पडायचा. ध्यानाला माणसं सत्य शोधायला येतात, तिथे काय मिळणार? पण निवृत्तीनंतर माझ्याकडे जो साठा झालाय, तो बघून मीच हादरलोय. अंतर्मुख माणसं फार धक्के देतात हो!

आमचं ध्यानमंडळ पेणला बाळूशेठच्या गणपतीच्या कारखान्यात, वरच्या माळ्यावर भरतं. जागा फुकट. अट एकच, आम्ही बसलो म्हणून काम थांबणार नाही. चालवतात ठोसर सर. हायस्कुलात गणित शिकवायचे तेव्हा 'फळ्याकडे बघा' म्हणायचे, आता 'आत बघा' म्हणतात. दोन्हीकडे वर्गाला फारसं काही दिसत नाही.

सरांची पद्धत अशी की ध्यान संपलं की प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा. आणि घोटाळे होतात ते तिथेच.

*

जवळच्या जिते गावाहून रेल्वेने येणारे पाटीलकाका हे आमच्यातले सर्वांत भाविक. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले तेच भरलेले.

"सर, अंगावरून गार झुळूक गेली. मग सोनं बरसायला लागलं. मी सगळा सोनेरी झालो."

सर गहिवरले. आम्ही वळून बघितलं आणि चाट पडलो. काका खरोखरच सोनेरी झाले होते! टक्कल, कपाळ, सदऱ्याची कॉलर, सगळं चमकत होतं.

मागच्या बाजूला एक कारागीर मुकुटांना सोनेरी स्प्रे मारत होता आणि पंख्याचं तोंड आमच्याकडे होतं.

कोपऱ्यात बसलेली वासंती म्हणाली, "काका, आतून नाय, वरून झालायत. थिनरनं निघंल."

*

ही वासंती जवळच्याच गडब गावची. बाळूशेठकडे गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. बाकी सगळं रंगवून झाल्यावर शेवटी डोळे काढायचे, हा या धंद्यातला नेम. तोवर मूर्ती नुसती मूर्ती. डोळे आले की कारागीरही तिच्यासमोर विडी ओढत नाही.

एकदा सरांनी आम्हाला साक्षीभाव शिकवला. "कोणीतरी तुमच्याकडे बघतंय, ही जाणीव जागी करा."

आम्ही डोळे मिटले तेव्हा सभोवतीच्या मूर्तींना डोळे नव्हते. उघडले तेव्हा अख्खी रांग आमच्याकडे टक लावून बघत होती. पाटीलकाकांनी जागच्या जागी साष्टांग घातला.

वासंती ब्रश धूत होती. "तुमचं चालू द्या," ती म्हणाली, "माझं झालं."

*

मग या वासंतीचा हात थरथरू लागला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती झोपायची, थरथर जागी असायची. बाळूशेठ माणूस वाईट नाही, पण डोळा वाकडा गेला तर गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही. त्याने स्पष्टच सांगितलं, "गो वासंते, या सीझनला बघू. नाय जमलं तर खाली पॅकिंगला बस. गवत भर."

सगळी हयात देवाला दृष्टी देणाऱ्या बाईला तो गवत भर म्हणाला! ती ब्रश ठेवून सरळ आमच्यात येऊन बसली. "सर, तुमच्या ध्यानानं हात थांबंल का?"

सर प्रसन्न हसले. "हात थरथरतो तो देहाचा. तू देह नाहीस."

"व्हय, पण डोळे त्या हातानंच काढायला लागतात ना!"

सर पुढे बराच वेळ प्राणायामावर बोलले.

*

वासंतीचे अनुभव हा मंडळाला मोठाच धक्का होता. कोणाला ज्योत दिसायची, कोणाला नाद ऐकू यायचा. ती सांगायची, "मला नाय काय दिसलं. बाजारात वालाच्या शेंगा महागल्यात, तेच मनात येत होतं."

"विचार आला तर येऊ द्यावा. त्याच्याकडे नुसतं बघत राहावं."

"बघत होते की. भाव नाय उतरला."

पण खरं सांगायचं तर तिच्या हाताची काळजी सगळ्यांनाच होती. एकदा ध्यान चालू असताना राहवेना, म्हणून मी एक डोळा किलकिला केला. बघतो तर पाटीलकाकांचाही एक डोळा उघडा. आणि ठोसर सरांचे दोन्ही! सगळे तिच्या मांडीवरच्या हाताकडे बघत होते. हात थरथरत होता.

वासंतीने डोळे मिटलेलेच ठेवले आणि म्हणाली, "सर, आत बघा."

*

रोह्याचे धारप देव मानत नाहीत. आईला शब्द दिला होता म्हणून दरवर्षी घरचा पाट बाळूशेठकडे पाठवतात, त्यावर गणपती करवून घेतात आणि न्यायला आले की त्यात खोट काढतात. मागे सोंडेच्या वळणावरून अख्खी मूर्ती परत केली होती. त्यांच्या पाटावरच्या गणपतीचे डोळे वासंतीनेच काढायचे, हा जुना रिवाज. यंदाही तिने काढले. बाळूशेठने बघितले आणि गवताच्या ढिगाकडे बोट दाखवलं. पापणीची रेघ खाडीतल्या पाण्यासारखी हलली होती.

दुसरी मूर्ती करायला वेळ नव्हता. आमचं ध्यान संपतंय तोच धारप आले. आम्ही कोणी उठलो नाही. वासंती खांबाला टेकून उभी होती, हात पदराखाली.

धारपांनी चष्मा पुसला. जवळ गेले. सोंड बघितली नाही, मुकुट बघितला नाही. उजवीकडे सरकले, डावीकडे सरकले. मग रंगाची बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि बसूनच राहिले. खाली कारागिरांचा रेडिओ चालू होता, तोही कोणीतरी बंद केला.

शेवटी सरांनी सवयीने विचारलंच, "काय अनुभव आला?"

धारपांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की सर पुन्हा मांडी घालून बसले.

मूर्ती घरी नेताना तिच्या तोंडावर रुमाल टाकतात. बाळूशेठने नवा कोरा रुमाल पुढे केला. धारपांनी तो घेतला, स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि खिशात घातला. "झाकायचं नाही याला. मांडीवर घेऊन जाईन." मग ते वासंतीसमोर जाऊन म्हणाले, "पुढल्या वर्षी हेच डोळे. पापणीची रेघ अशीच."

गाडी रोह्याच्या दिशेने गेली. वासंतीने पुन्हा ब्रश उचलला. बाळूशेठ कितीतरी वेळ तिच्या हाताकडे बघत होता. मग तो ठोसर सरांना जिन्यापाशी घेऊन गेला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, उद्यापासनं हिला ध्यानाला बसवू नका."