सारखंच पाणी

"आबा गेलं, मास्तर," मिरजेच्या दवाखान्यातून सरपंचांचा फोन आला आणि मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "तेरावं झालं की कौल आता तुमीच लावायचा." इस्लामपूरच्या शाळेच्या व्हरांड्यात हातात खडू घेऊन मी उभा होतो. 

आबा माझे चुलते, पाटणकडच्या डोंगरातल्या आमच्या गावचे गुरव. मूलबाळ नव्हतं; होती ती देवराई. देवाचं रान ते. तिथली वाळकी काटकीही विचारल्याशिवाय कुणी उचलत नसे, आणि गावाला पाणी देणारा एकुलता एक झरा तिच्याच मुळाशी. कुणाला घराला तुळई हवी असली की आबा देवाच्या दगडी खांद्यांवर पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण कौलाच्या आदल्या दिवशी ते एकटेच रानात फिरून येत, ते कशासाठी हे मला मिरजेच्या शेवटच्या भेटीत कळलं. "झाडाखाली त्येचीच चार पोरं गुडघ्याएवढी झाली असली, तर म्हातारं द्यायचं," आबा म्हणाले. धाप लागत होती, तरी डोळ्यांत मिश्कील हसू. "न्हाईतर डाव्या बाजूला पानी कमी लावायचं. कोरडी पाकळी आदी सुटती."

"म्हणजे आबा, देवाला फसवलंत?"

"फसवलं न्हाई रं. त्येनं रान माज्यावर सोपवलंय..." मग माझं मनगट धरून म्हणाले, "आता देऊळ नवं बांधायचं म्हनून समदं रान मागत्यात. ध्यानात ठेव, डावीकडं कमी."

ध्यानात ठेवलं होतं की! पण तेराव्यानंतरच्या सोमवारी अख्खा गाव देवळासमोर जमला, आबांची पितळी वाटी माझ्या हातात आली आणि माझा हात अडला. मी पडलो गणिताचा मास्तर, पोरांना 'कॉपी करू नका' सांगण्यात जन्म गेलेला. आणि खरं सांगतो, देवाची भीतीही वाटली. मी दोन्हीकडे सारखंच पाणी लावलं. उजवी पडली.

गुलाल उधळला गेला. त्याच संध्याकाळी मी सरपंचांना बाजूला घेऊन आबांची सगळी युक्ती सांगून टाकली. ते हसले. "मग तर ह्योच पैला खरा कौल झाला की, मास्तर!"

परवा रानात जाऊन आलो. बुंध्याबुंध्यावर चुन्याची फुली आहे, खाली एकही रोप नसलेल्या जांभळांवरसुद्धा. झऱ्यावर बाया नेहमीसारख्या कळशा भरत होत्या; मला त्यांच्याकडे बघवेना. बुधवारी झाडं कापायचं मशीन येणार आहे.

आबांची वाटी आता माझ्या स्वयंपाकघरात आहे. रोज शाळेतून आलो की मी पाटा भिंतीला उभा करतो आणि त्यावर दोन पाकळ्या लावतो. डावीकडं कमी. दर वेळी डावीच आधी पडते... हात बसलाय आता माझा.